अर्धशिशी आणि मेंदूतील पांढरे ठिपके : धोका कोणाला, किती?

भिलाई (छत्तीसगड) - वर्षानुवर्षे अर्धशिशीने त्रस्त असलेली चाळिशीची गृहिणी किंवा रात्रपाळीनंतर डोके धरून बसणारा कामगार अखेर एमआरआय तपासणी करून घेतो आणि अहवालात एक अनपेक्षित वाक्य वाचतो. 'दोन्ही बाजूंच्या ललाट भागातील श्वेतद्रव्यात सूक्ष्म तेजस्वी ठिपके आढळतात', अशा आशयाचे हे वाक्य असते. त्यापुढे 'सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विकार, अर्धशिशी किंवा मायलिनचा ऱ्हास' अशा तीन-चार शक्यता नोंदविलेल्या असतात. डोकेदुखीचे कारण शोधण्यासाठी गेलेला रुग्ण त्यानंतर पक्षाघात, विस्मरण आणि अपंगत्वाच्या चिंतेने ग्रासला जातो. दुर्ग, भिलाई, रायपूर या पट्ट्यात एमआरआय यंत्रे सहज उपलब्ध झाल्यापासून असे अहवाल घेऊन येणारे रुग्ण ही अपवादात्मक बाब राहिलेली नाही.

अर्धशिशी असलेल्या व्यक्तींच्या मेंदूत असे ठिपके इतरांच्या तुलनेत अधिक प्रमाणात आढळतात, हे गेल्या दोन दशकांतील संशोधनातून बऱ्याच अंशी स्पष्ट झाले आहे. तथापि ते कोणामध्ये आढळतात, कशामुळे वाढतात आणि त्यांचे परिणाम काय, या प्रश्नांची उत्तरे सर्वसाधारण समजुतीपेक्षा बरीच वेगळी आहेत. भिलाईसारख्या औद्योगिक नगरात तर डोकेदुखी आणि श्वेतद्रव्यातील बदल या दोहोंना कारणीभूत ठरू शकतील असे आणखी काही स्थानिक घटक विचारात घ्यावे लागतात.

श्वेतद्रव्य म्हणजे काय?

मेंदूच्या बाह्यभागातील करड्या द्रव्यात प्रामुख्याने चेतापेशी असतात. त्याखालील श्वेतद्रव्य हे या पेशींना परस्परांशी जोडणाऱ्या लांब तंतूंचे बनलेले असते. या तंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि त्यामुळेच हा भाग पांढरा दिसतो. श्वेतद्रव्याच्या खोल भागाला रक्त पोहोचविणाऱ्या धमन्या अत्यंत बारीक, लांब आणि एकमेकींशी फारशा न जोडलेल्या असतात. नदीच्या मुख्य पाटापासून दूर असलेल्या शेताला पाण्याचा तुटवडा प्रथम जाणवावा, तसा रक्तपुरवठ्यातील अल्पसा बिघाडही या भागाला लवकर जाणवतो.

एमआरआयच्या टी-२ आणि फ्लेअर या प्रकारच्या प्रतिमांमध्ये ज्या ठिकाणी पाण्याचे प्रमाण वाढले आहे किंवा मायलिन विरळ झाले आहे, तो भाग तेजस्वी दिसतो. 'पांढरे ठिपके' म्हणतात ते हेच. ठिपका हा स्वतः रोग नव्हे. ती प्रतिमेवरील एक खूण आहे आणि ती उमटण्याची कारणे अनेक असू शकतात. यंत्र जितके शक्तिशाली तितके ठिपके अधिक दिसतात. त्यामुळे १.५ टेस्ला क्षमतेच्या यंत्रावरील जुना अहवाल आणि ३ टेस्लाच्या यंत्रावरील नवा अहवाल यांची थेट तुलना करून 'ठिपके वाढले' असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

वाढत्या वयात हे ठिपके जवळजवळ सार्वत्रिक असतात. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे ६० ते ९० वर्षे वयाच्या एक हजारांहून अधिक नागरिकांची तपासणी करण्यात आली, तेव्हा ज्यांच्या मेंदूत एकही ठिपका नाही अशा व्यक्ती अवघ्या पाच टक्के निघाल्या. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. साठीतील व्यक्तीच्या अहवालात दोन-चार ठिपके असणे आणि तिशीतील व्यक्तीच्या अहवालात वीस-पंचवीस असणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत.

अर्धशिशीचे स्वरूप

अर्धशिशी म्हणजे केवळ तीव्र डोकेदुखी नव्हे. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार ४ ते ७२ तास टिकणारी, बहुधा एका बाजूची, ठणकणारी, हालचालीने वाढणारी आणि सोबत मळमळ किंवा प्रकाश व आवाज असह्य होणे ही लक्षणे असलेली डोकेदुखी वारंवार उद्भवत असेल, तर तिला अर्धशिशी म्हणतात. काही रुग्णांत वेदनेपूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा येतात, दृष्टीचा काही भाग झाकोळतो, हाताला किंवा ओठांना मुंग्या येतात अथवा बोलताना शब्द सापडत नाहीत. प्रत्येक लक्षण साधारणतः ५ मिनिटे ते एक तास टिकून पूर्णपणे निवळते. या पूर्वलक्षणांना 'ऑरा' ही संज्ञा आहे. पुढील सर्व विवेचनात ऑरा असणे किंवा नसणे हा भेद महत्त्वाचा आहे आणि रुग्ण तो आपणहून क्वचितच सांगतात.

हा विकार भारतात किती व्यापक आहे, याचे एक विश्वासार्ह मोजमाप कर्नाटकात झाले. बंगळुरू येथील निम्हान्स संस्थेच्या संशोधकांनी घरोघरी जाऊन केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षभराच्या काळात अर्धशिशीचा त्रास झालेल्या प्रौढांचे प्रमाण सुमारे २५ टक्के आढळले. प्रत्येक चौथ्या प्रौढाला असलेला विकार जर मेंदूला सरसकट इजा करीत असता, तर त्याचे परिणाम समाजात लपून राहिले नसते.

नेदरलँड्समधील दोन टप्प्यांचा अभ्यास

या विषयावरील आजवरच्या चर्चेचा पाया 'कॅमेरा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डच अभ्यासाने घातला. तत्पूर्वीचे बहुतेक निष्कर्ष रुग्णालयात आलेल्या, म्हणजेच अधिक तीव्र त्रास असलेल्या रुग्णांवर आधारलेले होते. कॅमेरा अभ्यासातील व्यक्ती सर्वसामान्य लोकसंख्येतून निवडण्यात आल्या. ३० ते ६० वर्षे वयोगटातील ऑरासह अर्धशिशी असलेल्या १६१, ऑराविना अर्धशिशी असलेल्या १३४ आणि अर्धशिशी नसलेल्या १४० व्यक्तींचा त्यात समावेश होता. त्याचे निष्कर्ष 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाने जानेवारी २००४ मध्ये प्रसिद्ध केले.

अर्धशिशी असलेल्या स्त्रियांमध्ये खोल श्वेतद्रव्यातील ठिपक्यांचे प्रमाण अधिक असण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट आढळली. महिन्यातून किमान एकदा झटका येणाऱ्या स्त्रियांत ती याहून अधिक, म्हणजे २.६ पट होती. ऑरा असो वा नसो, या निष्कर्षात फरक पडला नाही. पुरुषांमध्ये मात्र अशी वाढ दिसली नाही. याच अभ्यासात लहान मेंदूच्या भागात, रक्तपुरवठा खंडित होऊन निकामी झालेले परंतु लक्षणे न दाखविणारे सूक्ष्म भागही शोधण्यात आले. ते अर्धशिशीच्या गटात ५.४ टक्के, तर तुलनेच्या गटात ०.७ टक्के व्यक्तींमध्ये होते. ऑरा असलेल्या आणि महिन्याला किमान एक झटका येणाऱ्या रुग्णांत ही जोखीम सर्वाधिक होती. प्रत्यक्ष रुग्णसंख्या लहान असल्याने या आकड्यांकडे जपून पाहिले पाहिजे. त्या काळी वृत्तपत्रांनी तशी जपणूक दाखविली नाही आणि 'अर्धशिशीमुळे मेंदूचा नाश' अशा स्वरूपाच्या बातम्या जगभर झळकल्या.

सुमारे नऊ वर्षांनंतर त्याच व्यक्तींना पुन्हा पाचारण करण्यात आले. अर्धशिशीच्या गटातील २०३ आणि तुलनेच्या गटातील ८३ जणांची दुसरी तपासणी होऊ शकली. नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या टप्प्यात अर्धशिशी असलेल्या ७७ टक्के स्त्रियांमध्ये ठिपक्यांची वाढ दिसली. अर्धशिशी नसलेल्या स्त्रियांमध्येही हे प्रमाण ६० टक्के होते. बातम्यांतून बहुधा पहिलाच आकडा सांगितला जातो. दुसरा आकडा वगळल्यास पहिल्याचा अर्थच बदलतो. पुरुषांमध्ये याही वेळी फरक दिसला नाही.

त्याहून महत्त्वाचा ठरला तो पुढील निष्कर्ष. झटक्यांची संख्या, त्यांची वारंवारिता, विकाराचा कालावधी, ऑरा असणे वा नसणे आणि घेतलेली औषधे यांपैकी कशाचाही ठिपक्यांच्या वाढीशी संबंध आढळला नाही. जर प्रत्येक झटका मेंदूवर एक ओरखडा उमटवीत असता, तर अधिक झटके येणाऱ्यांत अधिक वाढ दिसावयास हवी होती. स्मरणशक्ती, एकाग्रता व इतर बौद्धिक चाचण्यांमध्येही ठिपके अधिक असलेल्या आणि कमी असलेल्या व्यक्तींमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही.

इतर अभ्यासांचे परस्परविरोधी निष्कर्ष

फ्रान्समधील नाँत येथील वृद्ध नागरिकांच्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने प्रसिद्ध केले, तीव्र डोकेदुखीचा पूर्वेतिहास असलेल्यांत श्वेतद्रव्यातील बदल अधिक आढळले. पण त्यांची बौद्धिक क्षमता इतरांइतकीच शाबूत होती. आइसलँडमध्ये ४,६८९ व्यक्तींवर झालेल्या अभ्यासाने २००९ मध्ये दाखवून दिले की, मध्यम वयात ऑरासह अर्धशिशी असलेल्या स्त्रियांच्या लहान मेंदूत उत्तरायुष्यात मूक इजा अधिक आढळतात. अमेरिकेतील एका दीर्घकालीन लोकसंख्या अभ्यासात (२०१३) अर्धशिशी आणि ठिपके यांचा संबंध एका वेळच्या तपासणीत दिसला, परंतु कालांतराने ठिपके वाढण्याशी तो दिसला नाही.

डेन्मार्कमधील जुळ्या बहिणींच्या नोंदणीतून निवडलेल्या स्त्रियांच्या अभ्यासाने तर २०१६ मध्ये ऑरासह अर्धशिशी आणि ठिपके यांत कोणताही संबंध नसल्याचे सांगितले. याउलट अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करणाऱ्या २०१३ मधील लेखात ऑरा असलेल्यांमध्ये ही शक्यता १.६८ पट, तर ऑरा नसलेल्यांमध्ये ती संख्याशास्त्रीयदृष्ट्या दखलपात्र नसल्याचे नमूद झाले. सर्वांचा एकत्रित विचार करता संबंध आहे, परंतु तो माफक आहे आणि त्याचा भार स्त्रियांवर व ऑरा असलेल्यांवर अधिक आहे, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

ठिपके निर्माण होण्यामागील यंत्रणेबाबत एकवाक्यता नाही. ब्राझीलचे शास्त्रज्ञ लेआव यांनी १९४४ मध्ये सशांच्या मेंदूपृष्ठावर मिनिटाला काही मिलिमीटर वेगाने सरकणारी निष्क्रियतेची लाट नोंदविली. ऑराच्या मुळाशी हीच लाट असल्याचे आज मानले जाते. तिच्या मागोमाग रक्तप्रवाह काही काळ मंदावतो, आणि त्यामुळे सूक्ष्म इजा होत असावी, असा एक तर्क आहे. परंतु ऑराची सुरुवात बहुधा मेंदूच्या मागील, दृष्टीशी निगडित भागात होते, तर ठिपके प्रामुख्याने पुढील ललाट भागाच्या खोल श्वेतद्रव्यात दिसतात. हा विसंवाद त्या तर्काला अडचणीत आणतो. रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तराचे कार्य बिघडणे, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढणे आणि हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील जन्मजात छिद्र खुले राहिल्याने सूक्ष्म गुठळ्या मेंदूत जाणे, हे अन्य तर्क आहेत. यांपैकी छिद्राचा मुद्दा विशेष गाजला. ते बंद केल्याने अर्धशिशी थांबेल या अपेक्षेने झालेल्या प्रमुख चाचण्या मात्र आपले मुख्य उद्दिष्ट गाठू शकल्या नाहीत.

खरी जोखीम रक्तदाबात

अर्धशिशी असलेल्या व्यक्तीच्या मेंदूत ठिपके असतील की नाही, हे ठरविणाऱ्या घटकांत वय पहिले आणि उच्च रक्तदाब दुसरा येतो. मधुमेह, धूम्रपान आणि रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण त्यानंतर येतात. हे सर्व घटक अर्धशिशी नसलेल्यांनाही तितकेच लागू आहेत. फरक इतकाच की, अर्धशिशीचा रुग्ण आपली सर्व शारीरिक तक्रार 'डोकेदुखी' या एकाच खात्यावर जमा करतो. उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही, म्हणून तो मोजला जात नाही आणि वर्षे निघून जातात.

रक्तदाब आटोक्यात ठेवल्यास ठिपक्यांची वाढ मंदावते, याचा थेट पुरावा उपलब्ध आहे. अमेरिकेत पन्नाशीपुढील उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर झालेल्या 'स्प्रिंट' चाचणीच्या मेंदूविषयक भागात वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवलेला गट आणि १४० च्या खाली ठेवलेला गट यांची तुलना करण्यात आली. सुमारे चार वर्षांत पहिल्या गटात ठिपक्यांचे आकारमान सरासरी ०.९२ घन सेंटिमीटरने, तर दुसऱ्या गटात १.४५ घन सेंटिमीटरने वाढले. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठी वापरली जाणारी प्रोप्रानोलॉल आणि कँडेसार्टन ही औषधे मूलतः रक्तदाबाचीच असल्याने, दोन्ही त्रास असलेल्या रुग्णांत एकाच गोळीचा दुहेरी उपयोग साधता येतो. अर्थात तो निर्णय डॉक्टरांनी घ्यावयाचा असतो. दमा असलेल्या व्यक्तीला प्रोप्रानोलॉल आणि गर्भवतीला कँडेसार्टन देता येत नाही.

भारतीय संदर्भात ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हा घटक दुर्लक्षिता येणार नाही. पुण्यातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या तपासणीत ६७ टक्क्यांमध्ये या जीवनसत्त्वाची पातळी कमी आढळल्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये नोंदविले. ब-१२ कमी पडल्यास रक्तात होमोसिस्टीन वाढते, आणि त्याचे वाढलेले प्रमाण सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकाराशी निगडित आहे. शिवाय ही कमतरता तीव्र झाल्यास ती स्वतःच मायलिनला इजा करते. शाकाहारी व्यक्तीच्या अहवालात ठिपके दिसल्यास ही साधी रक्तचाचणी करून घेणे श्रेयस्कर ठरते.

तंबाखूबाबत छत्तीसगडची स्वतःची एक सवय आहे. तंबाखू आणि गुळाच्या काकवीपासून बनविलेला गुडाखू दातांवर घासण्याची प्रथा येथे स्त्रियांमध्येही रूढ आहे. 'बिडी-सिगारेट ओढत नाही' असे सांगणारी स्त्री गुडाखू वापरत असेल, तर निकोटिन तिच्या शरीरात जातच असते आणि निकोटिन रक्तदाब वाढविते. श्वेतद्रव्यातील बदलांबाबतचा पुरावा मुख्यत्वे धूम्रपानाचा असला, तरी विचारणा करताना 'तंबाखू कोणत्या स्वरूपात' असा प्रश्न येथे आवश्यक ठरतो.

पोलादनगरीचे वेगळे प्रश्न

भारत आणि तत्कालीन सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ मध्ये झालेल्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या सर्व भागांतून आलेल्या कामगारांबरोबर मराठी कुटुंबेही येथे स्थायिक झाली. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडशी मराठी भाषकांचे नाते आहे आणि नागपूर येथून रेल्वेने सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे.

झोतभट्टी कधी थांबत नाही, म्हणून कारखाना तीन पाळ्यांत अखंड चालतो. बदलत्या पाळ्यांमुळे झोपेचे वेळापत्रक विस्कटते. उन्हाळ्यात बाहेर ४४-४५ अंशांपर्यंत चढणारा पारा आणि आत भट्टीची धग यांमुळे शरीरातील पाणी कमी होते. या दोन्ही गोष्टी अर्धशिशीचा झटका आणू शकतात. छत्तीसगडी स्त्रियांचा तीजा आणि मराठी स्त्रियांची हरतालिका एकाच दिवशी येते. त्या दिवशीच्या निर्जळी उपवासानंतर अनेकींचे डोके उठते, हेही सर्वपरिचित आहे.

परंतु झटका आणणारे निमित्त आणि श्वेतद्रव्यात बदल घडविणारा घटक या एकच गोष्टी नव्हेत. ऊन, उपवास किंवा जागरण यांमुळे ठिपके पडतात, असे सिद्ध झालेले नाही. पाळीच्या कामाचा या संदर्भातील संबंध असलाच तर तो वाकड्या वाटेने येतो. दीर्घकाळ रात्रपाळी करणाऱ्यांत रक्तदाब आणि मधुमेहाचे प्रमाण काहीसे अधिक आढळते आणि ते दोन्ही श्वेतद्रव्याला घातक आहेत.

पोलाद कारखान्याच्या परिसरातील डोकेदुखीबाबत एक शक्यता मात्र सर्वांत आधी तपासावी लागते. झोतभट्टीतून निघणाऱ्या वायूत साधारणतः एक पंचमांश ते एक चतुर्थांश भाग कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला घट्ट चिकटून प्राणवायूची वाहतूक रोखतो आणि त्याच्या विषबाधेचे पहिले लक्षण बहुधा डोकेदुखी, मळमळ व भोवळ हेच असते. अर्धशिशीशी त्याचे हे साम्य फसवे आहे. १२ जून २०१४ रोजी भिलाई कारखान्यात झालेल्या वायुगळतीत सहा जणांचा मृत्यू झाला होता. तेथील वायू हाच होता.

तीव्र विषबाधेतून वाचलेल्या काही व्यक्तींमध्ये काही दिवस किंवा आठवडे सारे सुरळीत असल्यासारखे वाटते आणि त्यानंतर विस्मरण, चालण्यातील बदल व वर्तनातील बिघाड दिसू लागतो. अशा वेळी एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंच्या श्वेतद्रव्यात सलग, सममित पसरलेले बदल आढळतात. अर्धशिशीतील विखुरलेल्या बारीक ठिपक्यांपेक्षा ते चित्र पूर्णतः भिन्न असते. एकाच ठिकाणी काम करणाऱ्या अनेकांचे डोके एकाच वेळी दुखणे, कामाची जागा सोडल्यावर बरे वाटणे आणि सुटीच्या दिवशी त्रास नसणे या खुणा आढळल्यास त्याला अर्धशिशी म्हणून वेदनाशामक गोळी देऊन परत कामावर पाठविणे जीवघेणे ठरू शकते. कामगाराने डॉक्टरांना आपला विभाग आणि कामाचे स्वरूप सांगणे म्हणूनच आवश्यक आहे.

सिकलसेलचा विचार

छत्तीसगड आणि लगतच्या विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय असून काही समाजांमध्ये वाहकांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या घरात किंवा त्याहून अधिक आहे. या विकारात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांनुसार सिकलसेल ॲनिमियाच्या सुमारे ३९ टक्के मुलांमध्ये अठरा वर्षांपर्यंत मेंदूच्या श्वेतद्रव्यात मूक इजा झालेली असते. भारतात आढळणारा प्रकार सर्वसाधारणतः सौम्य मानला जातो. तरीही डोकेदुखी, रक्तक्षय आणि सांधेदुखी असलेल्या तरुण रुग्णाच्या एमआरआयमध्ये ठिपके दिसल्यास सिकलसेलची चाचणी झाली आहे काय, हे पाहिले पाहिजे. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून झाला आणि छत्तीसगड त्यात समाविष्ट आहे.

अहवाल कसा वाचावा?

ठिपक्यांची तीव्रता सांगण्यासाठी फझेकास श्रेणी वापरली जाते. १९८७ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत शून्य म्हणजे बदल नाही, एक म्हणजे सुटे ठिपके, दोन म्हणजे एकमेकांत मिसळू लागलेले आणि तीन म्हणजे सलग पसरलेले बदल. केवळ अर्धशिशी असलेल्या मध्यमवयीन व्यक्तीत बहुधा पहिली श्रेणी आढळते. दुसरी किंवा तिसरी श्रेणी चाळिशीच्या आत आढळल्यास 'अर्धशिशीमुळे असेल' असे म्हणून थांबता येत नाही.

अहवालात 'मायलिनचा ऱ्हास' हे शब्द येताच रुग्ण मल्टिपल स्क्लेरोसिस या विकाराच्या भीतीने खचतो. त्या विकारातील डाग सहसा मोठे, अंडाकृती, मेंदूच्या पोकळ्यांना लागून, दोन गोलार्धांना जोडणाऱ्या पट्ट्यात, मेंदूच्या बाह्यावरणालगत किंवा मज्जारज्जूत असतात आणि सोबत दृष्टी जाणे, हातपाय बधिर होणे अशी दिवसेंदिवस टिकणारी लक्षणे असतात. केवळ ठिपक्यांवरून या विकाराचे निदान करून वर्षानुवर्षे महागडी औषधे दिली गेल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. दुसरीकडे, ऑरासह अर्धशिशी, तरुणपणी पक्षाघात आणि विस्मरण एकाच कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या दिसत असल्यास 'कॅडासिल' या दुर्मीळ आनुवंशिक विकाराचा संशय घ्यावा लागतो. त्यात कानशिलामागील भागाच्या अग्रटोकाला ठळक बदल दिसतात. त्याचे जनुक १९९६ मध्ये ओळखले गेले.

मुळात नेहमीसारखीच अर्धशिशी असून मज्जासंस्थेची तपासणी सामान्य असल्यास एमआरआयची गरज नसते. आयुष्यात प्रथमच क्षणार्धात कळस गाठणारी डोकेदुखी, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास, ताप, फिट, अशक्तपणा, दृष्टीदोष किंवा डोकेदुखीच्या स्वरूपात झालेला ठळक बदल यांपैकी काही असल्यास मात्र तपासणीत विलंब करू नये.

स्त्रियांसाठी एक स्वतंत्र सूचना

ऑरासह अर्धशिशी असलेल्यांमध्ये रक्तपुरवठा खंडित होऊन होणाऱ्या पक्षाघाताची जोखीम सुमारे दुप्पट असते. तरुण वयात मूळ जोखीमच अत्यल्प असल्याने दुप्पट होऊनही ती कमीच राहते. परंतु धूम्रपान आणि इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या यांची भर पडल्यास ती अनेक पटींनी वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार ऑरासह अर्धशिशी असलेल्या स्त्रीने कोणत्याही वयात अशा संयुक्त गोळ्या घेऊ नयेत. सरकारी केंद्रांतून मिळणाऱ्या 'माला-एन' या गोळ्या याच वर्गातील आहेत. तांबी किंवा इस्ट्रोजेन नसलेली 'छाया' ही गोळी असे पर्याय त्याच केंद्रांत उपलब्ध असतात. गोळ्या देताना डोळ्यांपुढे चमकत्या रेषा येतात काय, हा प्रश्न विचारावयास अर्धे मिनिट लागते. छत्तीसगडमध्ये २००२ पासून गावोगावी काम करणाऱ्या मितानिन स्वयंसेविका तो सहज विचारू शकतात.

उपचारांबाबत एवढे सांगणे पुरेसे आहे की, ठिपके घालविणारे कोणतेही औषध उपलब्ध नाही, आणि अर्धशिशीचे झटके कमी केल्याने ठिपक्यांची वाढ थांबते असेही सिद्ध झालेले नाही. झटके कमी करावयाचे ते वेदना व वाया जाणारे दिवस वाचविण्यासाठी. साधी वेदनाशामके महिन्यातून पंधरा दिवस किंवा अधिक आणि ट्रिप्टान, अर्गट अथवा मिश्र गोळ्या दहा दिवस किंवा अधिक घेतल्यास औषधांमुळेच डोकेदुखी जडते. पक्षाघात किंवा हृदयधमन्यांचा विकार असलेल्या रुग्णाने ट्रिप्टान व अर्गट घेऊ नये. एमआरआयमध्ये ठिपके आढळले एवढ्याच कारणाने ही औषधे बंद करण्याची आवश्यकता नसते.

भिलाईत सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र हे कारखान्याचे मुख्य रुग्णालय आहे. रायपूर येथे २०१२ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही भिलाईपासून फार दूर नाही. रुग्णाने सोबत केवळ एमआरआयचा छापील अहवाल न नेता मूळ प्रतिमांची चकती, मागील दोन-तीन महिन्यांत डोके किती दिवस दुखले व कोणत्या गोळ्या किती घेतल्या याची नोंद, निरनिराळ्या दिवशी मोजलेला रक्तदाब आणि साखर, हिमोग्लोबिन व ब-१२ यांचे अहवाल न्यावेत. नवी लक्षणे नसल्यास केवळ ठिपके मोजण्यासाठी दरवर्षी एमआरआय करण्याची गरज नसते. रक्तदाब मात्र दर भेटीत मोजून घ्यावा लागतो.